सक्करै पोंगल: तांदूळ गुळात शिजत नाही

तमिळनाडूत तै महिन्याच्या पहिल्या दिवशी, १४-१५ जानेवारीला होणाऱ्या या गोड पोंगलबद्दल (तांदूळ, मूगडाळ आणि गुळाचा पदार्थ) एक समज घट्ट बसलाय: तांदूळ जरा कच्चा राहिला तरी चालतो, पुढे गुळात शिजतो. नाही शिजत. गूळ पाणी धरून ठेवतो, दाण्याला फुगायला ते मिळत नाही. मग कितीही आटवा, दाताखाली कणी लागतेच.

एक वाटी तांदूळ (उकडा नको), पाव वाटी कोरडी भाजलेली मूगडाळ, पाच वाट्या पाणी. कुकरला चार-पाच शिट्ट्या. शीत बोटांत सहज चुरडलं पाहिजे. पळीने घोटा, मगच गूळ. दीड वाटी गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून गाळा, खडे-रेती निघते. पाक तारेवर नेऊ नका, पोंगल गार झाल्यावर दगड होतो. मंद आचेवर सात-आठ मिनिटं पुरे.

दूध घालायचं तर तांदळाबरोबरच. उकळत्या गुळात ते फाटू शकतं. शेवटी तूप, काजू, बेदाणे, वेलची. खाण्याचा कापूर मात्र कणभरच, नाहीतर सगळं कडू.

गूळ पडल्यावर कणी लागलीच, तर वाटीभर गरम पाणी घालून पुन्हा कुकरला लावा. थोडं सुधारतं, पूर्ण नाही.