महासागरी बेटांवरील लुप्त पक्ष्यांचा जीवाश्म-अभ्यास

खंडांपासून दूर, ज्वालामुखीतून किंवा प्रवाळांतून तयार झालेल्या बेटांवर एके काळी राहणाऱ्या आणि आज नाहीशा झालेल्या पक्ष्यांचा त्यांच्या हाडांवरून केला जाणारा अभ्यास. पुराजीवविज्ञान, पक्षिविज्ञान आणि पुरातत्त्व या तिन्ही शाखांचे काम त्यात एकत्र येते. हवाई, पॉलिनेशिया, हिंदी महासागरातील मॅस्करीन बेटे (मॉरिशस, रीयुनियन, रॉड्रिग्ज) आणि अटलांटिकमधील सेंट हेलेना व असेन्शन ही या अभ्यासाची महत्त्वाची क्षेत्रे आहेत. सापडणारी बहुतेक हाडे काही शे ते काही हजार वर्षांचीच असतात आणि त्यांचा पुरता दगड झालेला नसतो, म्हणून त्यांना उपजीवाश्म म्हणतात. आज एखाद्या बेटावर दिसणारे पक्षी म्हणजे तिथल्या मूळ पक्ष्यांतले केवळ उरलेसुरले पक्षी होत, ही गोष्ट या हाडांनीच पटवून दिली.

बेटांवरचे पक्षी वेगळे का?

अशी बेटे कधीच खंडाला जोडलेली नसतात. वटवाघळे सोडली तर सस्तन प्राणी स्वतःहून तिथे सहसा पोहोचत नाहीत. वाऱ्यावादळात भरकटून आलेल्या पक्ष्यांना तिथे ना मांजर भेटते, ना मुंगूस, ना चरणारे हरीण. मग पक्षीच चरायला लागतात, आणि पळून जाण्याची गरज नसल्यामुळे उडणे सोडतात. उडण्याचे स्नायू बाळगायला फार अन्न लागते. ते वाचवणारी पिढी टिकते. हा बदल हाडांत स्पष्ट वाचता येतो. छातीच्या हाडावरचा उभा कणा झिजल्यासारखा बुटका होतो, पंखाची हाडे आखूड होतात, पायांची जाड होतात.

हे किती सहज घडते याचा पुरावा सेशेल्समधील अल्डाब्रा या प्रवाळबेटावर मिळाला. सुमारे १,३६,००० वर्षांपूर्वी समुद्र चढला आणि अल्डाब्रा पूर्ण बुडाले. त्यापूर्वीच्या थरात पाणकोंबडीच्या कुळातील एका न उडणाऱ्या पक्ष्याची हाडे आहेत. बेट पुन्हा वर आल्यावर उडणारे पूर्वज परत आले, आणि नंतरच्या थरातल्या पायाच्या हाडात तोच बदल पुन्हा सुरू झालेला दिसतो. ज्युलियन ह्यूम आणि डेव्हिड मार्टिल यांनी २०१९ मध्ये हे मांडले. एकाच बेटावर एकाच पूर्वजापासून न उडणारा पक्षी दोनदा घडला, एवढे मोठे विधान मूठभर हाडांवर उभे आहे.

हाडे कुठे आणि कशी मिळतात?

पक्ष्यांची हाडे पोकळ आणि नाजूक असतात. उघड्यावर ती टिकत नाहीत. ती टिकतात चुनखडीच्या विवरांत, लाव्हाच्या बोगद्यांत, किनाऱ्यावरच्या चुनखडीयुक्त वाळूच्या टेकड्यांत, दलदलीच्या गाळात आणि जुन्या वस्त्यांच्या उकिरड्यांत. न उडणारा पक्षी विवरात पडला की त्याला वर येता येत नाही, त्यामुळे विवरे विशेष फलदायी ठरतात. माती बारीक जाळीवर धुऊन हाडे वेचली जातात. कार्बनी कालमापनाने त्यांचे वय ठरते. काही हाडांतून प्राचीन डीएनए काढता येतो.

खरे कष्ट मात्र ओळख पटवण्याचे. हातात आलेले दोन सेंटिमीटरचे हाड कुणाचे, हे सांगायला शेजारी ठेवायला माहीत असलेल्या पक्ष्याचा सांगाडा लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांनी पक्ष्यांची कातडी पेंढा भरून ठेवली आणि हाडांचा बराचसा भाग टाकून दिला. त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जिवंत असलेल्या काही पक्ष्यांची पिसे कपाटात आहेत, पण जमिनीतल्या हाडाशी ताडून पाहायला सांगाडा नाही. संग्रहालयांतील सांगाड्यांच्या खणांवर होणारा खर्च मला म्हणूनच अत्यंत सार्थ वाटतो.

मॅस्करीन बेटे

या अभ्यासाची सुरुवात डोडो या मॉरिशसच्या न उडणाऱ्या पक्ष्यापासून झाली. मॉरिशस आणि रीयुनियन ज्या तप्त बिंदूवर (भूगर्भातून लाव्हा वर येण्याच्या जागेवर) तयार झाली, त्याच्याशीच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचा संबंध जोडला जातो. सह्याद्रीचा कातळ आणि डोडोची भूमी यांचे मूळ असे एक आहे.

डच खलाशी १५९८ मध्ये मॉरिशसला उतरले. डोडोची सर्वसाधारणपणे मान्य झालेली शेवटची नोंद १६६२ ची आहे. मधल्या काळात काही डोडो जहाजांतून हिंदुस्थानातही आले. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि मोगल चित्रकार मन्सूर याचे मानले जाणारे, साधारण १६२५ च्या सुमाराचे एक रंगीत चित्र सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. पुढे दीडशे वर्षांत पुरावा इतका विरळ झाला की असा पक्षी होता की नाही याबद्दलच शंका घेतली जाऊ लागली. ह्यू स्ट्रिकलंड आणि अलेक्झांडर मेलव्हिल यांनी १८४८ मध्ये ऑक्सफर्डच्या संग्रहात उरलेले डोडोचे डोके आणि पाय तपासून डोडो हा कबुतराच्या कुळातला असल्याचे दाखवले.

सप्टेंबर १८६५ मध्ये माहेबूरचे शाळामास्तर जॉर्ज क्लार्क यांना बेटाच्या आग्नेय भागातल्या 'मार ओ साँज' या दलदलीत हाडे मिळाली. काठाशी काही लागेना, तेव्हा त्यांनी काही माणसांना मधोमध, कमरेइतक्या पाण्यात उतरवले. त्या माणसांनी अनवाणी पायांनी चिखल चाचपला आणि पायाला लागलेली हाडे वर काढली: तंगडीचे एक अख्खे हाड, दुसऱ्याचा तुकडा, मग आणखी. रेल्वेचे अभियंता हॅरी हिगिन्सन यांच्या आठवणीनुसार तिथला गाळ काढणारे मजूर आधीच हाडांचे ढीग बाजूला घालत होते. त्या काळी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर बहुतेक मजूर १८३४ पासून हिंदुस्थानातून नेलेले कंत्राटी कामगार होते. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले लोकही होते. क्लार्कच्या हकिगतीत चिखलात उतरलेल्यांची नावे नाहीत. जगातल्या संग्रहालयांत आज उभे असलेले डोडोचे बहुतेक सांगाडे याच दलदलीतल्या हाडांचे आहेत, हे लक्षात घेतले तर ही उणीव बोचते.

लंडनमध्ये शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी ही हाडे १८६६ मध्ये प्रसिद्ध केली, पण जुळवताना सतराव्या शतकातल्या एका तैलचित्राच्या बाह्यरेषेत ती बसवली. डोडो बसका आणि बेढब झाला. १८७२ मध्ये त्यांनी स्वतःच सांगाडा अधिक ताठ उभा केला. तरी लोकांच्या मनात अजून तो जुना गुबगुबीत डोडोच घर करून आहे. मोठे संशोधन पुढच्या काळात झाले. २००२ मध्ये ऑक्सफर्डच्या नमुन्यातल्या डीएनएवरून आपल्या निकोबारमध्येही आढळणारे निकोबारी कबूतर हे डोडोचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक ठरले. २००५ पासून डच आणि मॉरिशसच्या संशोधकांनी तीच दलदल पुन्हा, या वेळी थर न मोडता खणली. हाडांचा थर सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचा निघाला. त्यात सर्वाधिक हाडे महाकाय कासवांची होती. कडक अवर्षणात उरल्यासुरल्या पाण्याभोवती हे सगळे प्राणी मेले, असा अर्थ लावला गेला. २०१७ मध्ये हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून डोडोचे वर्षाचे वेळापत्रकही मांडण्यात आले: ऑगस्टच्या सुमारास विणीच्या हंगामाची सुरुवात, चक्रीवादळांच्या मोसमापूर्वी पिलांची झपाट्याने वाढ, मोसम संपल्यावर पिसे झडणे.

रीयुनियनची गोष्ट उलट आहे. तिथे 'पांढरा डोडो' होता असे जुन्या प्रवासवर्णनांवरून आणि चित्रांवरून दीर्घकाळ मानले जाई. बेटावर डोडोचे एकही हाड मिळाले नाही. मिळाली ती शराटी या लांब, वाकड्या चोचीच्या पक्ष्याची. आपल्या तळ्याकाठच्या पांढऱ्या शराटीच्या प्रजातीतच (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातच) त्या पक्ष्याची गणना १९९५ मध्ये झाली आणि पांढरा डोडो ग्रंथांतून बाद झाला. रॉड्रिग्जवर मात्र प्रवाशाचा शब्द खरा ठरला. १६९१ मध्ये तिथे आलेल्या फ्रांस्वा लगा याने 'सॉलिटेअर' या न उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखावर बंदुकीच्या गोळीएवढा गोळा असल्याचे लिहिले होते. गुहांतल्या हाडांत मनगटाजवळ तो हाडाचा गोळा जसाच्या तसा सापडला.

हवाई

मॅस्करीन बेटांवर निदान कुणी तरी पक्षी पाहून लिहून ठेवले होते. हवाईत १७७८ मध्ये कॅप्टन कुक पोहोचण्यापूर्वीच जे गेले, त्यांची कुठेच नोंद नव्हती. १९७१ पासून मोलोकाईच्या वाळूच्या टेकड्या, माऊईचे लाव्हा-बोगदे, ओआहूची चुनखडीची विवरे यांतून हजारो हाडे गोळा झाली. स्मिथसोनियन संस्थेचे स्टॉर्स ओल्सन (१९४४–२०२२) आणि हेलन जेम्स यांनी १९८२ मध्ये जाहीर केले की त्यांत भूचर पक्ष्यांच्या किमान ३९ अशा जाती आहेत, ज्या युरोपीय येण्याआधीच संपल्या होत्या. मुख्य बेटांवरील स्थानिक भूचर पक्ष्यांची संख्या एका फटक्यात दुपटीहून अधिक झाली. १९९१ मध्ये ३२ नव्या जातींची वर्णने आली.

त्यांत लांब पायांची, छोटे पक्षी पकडणारी घुबडे आहेत. 'मोआ-नालो' हे न उडणारे अवजड पक्षी आहेत; डीएनएने ते राजहंसांचे नव्हे तर बदकांचे वंशज ठरवले. माऊईच्या गुहेत त्यांची वाळलेली विष्ठाही मिळाली आणि तीत नेच्यांचे अवशेष होते, म्हणजे हरणे नसलेल्या बेटावर हे बदक चरत असे. हवाईच्या काही झुडपांच्या कोवळ्या फांद्यांवर काटे असतात आणि उंच वाढल्यावर नसतात. चरणारा प्राणीच नसलेल्या बेटावर काटे कशाला, या प्रश्नाचे एक पटण्यासारखे उत्तर मोआ-नालोने दिले.

काउआई बेटावरच्या माकाउवाही गुहेतला 'टाल्पानास' मला सर्वांत विलक्षण वाटतो. २००९ मध्ये वर्णन झालेल्या या बदकाच्या कवटीत दृष्टीची नस जाण्याची छिद्रे अगदी बारीक आहेत आणि चोचीकडून स्पर्शाची जाणीव आणणाऱ्या नसेची वाट मोठी आहे. जवळजवळ न पाहता, चोचीने चाचपत अन्न शोधणारे हे बदक असावे. पिसाचा तुकडा नाही, चित्र नाही, पण कवटीतल्या दोन छिद्रांच्या मापावरून त्याची रीत कळते.

कारणे आणि अंदाज

जुन्या समजुतीप्रमाणे बेटांवरच्या ऱ्हासाचा दोष केवळ युरोपीय जहाजांकडे जाई. हाडांनी ते बदलले: पॉलिनेशियन लोकांच्या होड्यांतून माणूस, उंदीर, डुक्कर आणि कुत्रा आले, सखल भागातली जंगले तोडली-जाळली गेली, आणि पक्षी संपले. युरोपीयांनी पुढचा टप्पा पूर्ण केला. पॅसिफिकमधील जुन्या वस्त्यांची हाडे अभ्यासणाऱ्या डेव्हिड स्टेडमन यांनी १९९५ मध्ये एकट्या पाणकोंबडी-कुळातील नष्ट जातींचा अंदाज २,००० पर्यंत नेला होता. नंतरचे अंदाज त्याहून बरेच कमी आहेत. २०२३ च्या एका गणितानुसार माणसामुळे जगभर सुमारे १,४३० पक्षीजाती गेल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचे हाडसुद्धा अजून हाती आलेले नाही. असे आकडे गणिती प्रतिमानांवर अवलंबून असतात. खणलेल्या बेटांची संख्या वाढेल तसे ते हलतील.

संवर्धनातील उपयोग

लेसन बदक विसाव्या शतकात फक्त हवाईच्या वायव्येकडील लेसन या एका चिमुकल्या बेटावर उरले होते, आणि ते मुळातच त्या बेटापुरते असावे असा समज होता. मुख्य बेटांवरच्या उपजीवाश्मांतून आणि त्यांच्या डीएनएतून उलट निष्पन्न झाले: हे बदक एके काळी हवाईभर, समुद्रापासून दूर डोंगराळ भागातही राहत असे. म्हणजे दुसरीकडे सोडले तर ते परक्या जागी सोडल्यासारखे होणार नव्हते. २००४ आणि २००५ मध्ये ४२ बदके मिडवे बेटांवर नेण्यात आली. ती तिथे वाढली, आणि २०१४ मध्ये तिथून काही बदके कुरे या प्रवाळबेटावर सोडण्यात आली.