पुण्याचे हरवलेले वाडे

पुण्यातील जुने वाडे कसे गेले, हे विचारल्यास बहुतेक जण शनिवारवाड्याच्या आगीचे नाव घेतात. त्यात तथ्य आहे. पहिल्या बाजीरावाने 1730 मध्ये पाया घातलेल्या या वाड्याला 27 फेब्रुवारी 1828 रोजी लागलेली आग आठवडाभर धुमसत राहिली आणि आतील सागवानी इमले जळून गेले. दगडी तट आणि दिल्ली दरवाजासह त्यातले दरवाजे तेवढे उरले. आज आत फिरताना दिसतात ती जोती, कारंज्याचा हौद आणि खांब पेलणारे दगडी तळखडे. त्यांवरचे खांब, तुळया, तक्तपोशी म्हणजे लाकडी फळ्यांचे छत, यांचा मागमूस नाही. खाली दगड, वर विटा व लाकूड, हीच पेशवाईतील बांधणीची रीत असल्याने आग लागली की वाड्याचा वरचा भाग हाती लागत नसे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बुधवारवाडा मे 1879 मध्ये असाच जळाला. त्याच वेळी पेटलेला विश्रामबागवाडा मात्र दुरुस्त झाला, म्हणून त्याचा कोरीव सज्जा अजून पाहता येतो.

परंतु सरदार-सावकारांचे आणि सामान्य गृहस्थांचे वाडे आगीने गेले, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींचे अनेक वाडे बसले. उरलेल्यांचे दुखणे कागदोपत्री होते. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. एका चौकाभोवती आठ-दहा बिऱ्हाडे, त्यांच्या भाड्यातून कौले शाकारण्याचाही खर्च निघेना आणि मालकाच्या वारसांची नावे पिढीगणिक वाढत गेली. अशा वेळी बिल्डरने मालक व भाडेकरू या दोघांनाही फ्लॅट देऊ केला, तर वाडा राखण्याचा आग्रह धरायचा कोणी? त्या घरात सार्वजनिक संडासापुढे रांग लावलेल्यांना तरी त्याबद्दल दोष देता येणार नाही. पाडकामात निघालेल्या तुळया व चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत गेल्या आणि त्यांतल्या काही हॉटेलांच्या सजावटीत जाऊन बसल्या.

पुष्कळदा नाव तेवढे मागे राहिले. अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या वाड्यावरून ओळखला जाणारा चौक आज शालेय पुस्तकांसाठी प्रसिद्ध आहे, आणि जूनमध्ये तेथे गर्दी करणारे पालक त्याला नुसते ‘अ. ब. चौक’ म्हणतात.