चौकटीत मोकळी सोडलेली फळी

मृगाचा पाऊस सुरू झाला की कोकणातल्या घरात एखादं तरी दार अडतं. कडेला रंधा मारून ते बसतं केलं की उन्हाळ्यात तिथेच फट दिसते, आणि शिव्या सुताराला. लाकूड ओल शोषून फुगतं आणि कोरड्या हवेत आटतं, पण ते रुंदीत. लांबीत फरक नगण्य. ओला साग पूर्ण वाळला तर फळी कशी चिरली त्यानुसार साधारण २.५ ते ५.८ टक्के आटतो. अमेरिकेचा पांढरा ओक जवळजवळ दुप्पट.

युरोपातल्या सुतारांच्या वाट्याला ओकच होता. त्यांची जुनी पेटी सहा फळ्यांची. पुढच्या फळीचे रेषे आडवे, बाजूच्या फळ्यांचे उभे, आणि सगळं खिळ्यांनी ठोकलेलं. पुढची फळी उंचीत आटायला बघते, बाजूच्या तिला हलू देत नाहीत, मग ती रेषेवर तडकते. संग्रहालयात अशी पेटी दिसली तर आधी पुढची भेग शोधावी. बहुतेक वेळा सापडते.

पंधराव्या शतकात फ्लँडर्स आणि इंग्लंडमध्ये दुसरी रीत रुळली. अरुंद दांड्यांची चौकट, कोपऱ्यात कुसू (एका दांड्याचं दुसऱ्याच्या भोकात बसणारं टोक) आणि लाकडी खुंटी, मधली पातळ फळी खाचेत नुसती सरकवलेली. तिला ना सरस, ना खिळा. फुगली तरी खाचेतल्या खाचेत. शिवाय ओंडका पाचर मारून गाभ्याकडून सालीकडे चिरायचा. अशा फळीची हालचाल जवळपास निम्मी होते. त्यासाठी सरळ रेषांचा ओक बाल्टिककडून यायचा.

या कसबावरून लंडनमध्ये भांडणही झालं. जॉइनर, म्हणजे असं जोडकाम करणाऱ्या सुतारांच्या संघाला १५७१ मध्ये सनद मिळाली होती. १६३२ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी वाटणी केली: कुसवाचं आणि सरसाचं काम जॉइनरांचं, खिळ्यांचं कार्पेंटरांचं, म्हणजे साध्या सुतारांचं.

प्लायवूडची वाट उलटी. तिथे आडव्या-उभ्या रेषांचे थर एकमेकांना जखडून ठेवतात. इजिप्तमध्ये सक्कारा इथे तिसऱ्या राजवंशाच्या काळातली सहा थरांची शवपेटी सापडली आहे, म्हणजे कल्पना फार जुनी.

साग आपल्याकडे मुळातच कमी हलतो, तरी पॅनेलच्या दारात एक चूक हटकून होते: दार जोडून झाल्यावर पॉलिश. वैशाखात फळी आटते आणि खाचेतून पॉलिश न लागलेली पांढरट रेघ बाहेर डोकावते. जाणता सुतार फळीला आधी पॉलिश करतो, मगच चौकटीत सरकवतो.