लक्ष्याच्या दोन मीटर पुढे

दादर स्थानकात लोकलची वाट पाहताना शेजारी मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाला त्याच्या मित्राने बजावले, "अरे, त्याच्यावर नको, त्याच्या पुढे मार!" नेमबाजीच्या खेळांतील गोळीच्या वेगाचे मर्म या एका वाक्यात आले आहे.

शस्त्र निवडताना खेळाडू आधी पाहतो ते 'डॅमेज', म्हणजे एक गोळी लागल्यावर प्रतिस्पर्ध्याची 'हेल्थ', म्हणजे खेळात उरलेली जीवनशक्ती, किती घटते ते. गोळीच्या वेगाकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. बहुतेक खेळांत वेग वाढवल्याने डॅमेज वाढतही नाही, कारण तो आकडा स्वतंत्रपणे ठरवलेला असतो. वेगावर अवलंबून असतो तो गोळी पोहोचण्यास लागणारा वेळ, आणि माझ्या मते शस्त्राचा खरा स्वभाव त्या वेळातच दिसतो.

बारा डब्यांची लोकल साधारण २५० मीटर लांब असते. तेवढ्या अंतरावर सेकंदाला ६ मीटर वेगाने आडव्या धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर सेकंदाला ७०० मीटर वेगाची गोळी झाडली, तर ती ०.३६ सेकंदांत पोहोचते आणि तेवढ्यात तो दोन मीटरहून अधिक पुढे गेलेला असतो. खेळात खऱ्याइतके गुरुत्वाकर्षण असेल, तर हवेचा विरोध सोडूनही गोळी सुमारे ६० सेंटिमीटर खाली येते. हाच वेग ३०० मीटर केला की नेम पाच मीटर पुढे धरावा लागतो आणि गोळी जवळजवळ साडेतीन मीटर खाली येते, कारण ही घसरण वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

१९९३च्या 'डूम' या संगणकावरील खेळामध्ये पिस्तुलाच्या गोळीला प्रवासाचा वेळच नव्हता. चाप ओढताच संगणक सरळ रेषेत काय आड येते ते तपासून निकाल देत असे. रॉकेट मात्र खरोखर प्रवास करत असे. १९९६च्या 'क्वेक' या खेळामध्ये रॉकेट सेकंदाला १००० एकके (खेळातील अंतराचे माप) जात असे आणि खेळाडू ३२० एकके धावे. हे गुणोत्तर मोलाचे आहे, कारण दृश्य पाहून हालचाल करण्यास माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणून जवळून डागलेले रॉकेट चुकवणे जवळपास अशक्य ठरते, तर दुरून येणारे बाजूला सरून टाळता येते.

वेग वाढवण्यात संगणकाचीही एक अडचण आहे. सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक स्थिर चित्रे) दाखवणाऱ्या खेळात ७०० मीटर वेगाची गोळी प्रत्येक चौकटीत जवळजवळ १२ मीटर उडी घेते. लोकलचा डबा चार मीटरही रुंद नसतो, त्यामुळे गोळी एका चौकटीत डब्याच्या अलीकडे आणि पुढच्या चौकटीत पलीकडे असू शकते, आणि दोन्ही वेळा संगणकाला डब्याचा पत्रा लागतच नाही. म्हणूनच केवळ गोळीची जागा न पाहता आधीच्या व नंतरच्या जागेला जोडणारी रेषा तपासली जाते, आणि पत्रा त्या रेषेत सापडला की गोळी तिथेच थांबवली जाते.