विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क : पार्श्वभूमी

नफ्यासाठी चालणारी आणि ना-नफा महाविद्यालये असा उघड भेद अमेरिकेत आहे, आपल्याकडे नाही. महाराष्ट्रातले खासगी वैद्यकीय महाविद्यालय वर्षाला लाखो रुपये घेत असले, तरी ते चालवणारी संस्था सहसा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यासच असते आणि तिची शिल्लक विश्वस्तांना वाटून घेता येत नाही. शुल्काचा वाद या शिलकीभोवतीच फिरत आला आहे.

ही चौकट जुनी आहे. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद तुटपुंज्या वेतनावर शिकवत. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. पुढे प्राध्यापकांचे पगार सरकारी अनुदानातून होऊ लागले आणि त्यामुळेच शुल्क सामान्य घरांच्या आवाक्यात राहिले, ही गोष्ट आज सहज विसरली जाते.

१९८३ मध्ये चित्र बदलले. मराठी मुले देणग्या भरून कर्नाटकात अभियांत्रिकीला जात होती आणि नवी सरकारी महाविद्यालये काढण्याइतका पैसा तिजोरीत नव्हता, म्हणून मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित तत्त्वावर परवानग्या दिल्या. जागा वाढल्या, तालुक्याच्या गावातली मुले इंजिनिअर झाली, हे श्रेय त्या निर्णयाला द्यायलाच हवे. पण इमारतीपासून पगारापर्यंतचा सगळा भार विद्यार्थ्यावर आला. पावतीवर शिकवणी शुल्क, विकास शुल्क, ग्रंथालय, अनामत अशा ओळी असत. ‘डोनेशन’ची रक्कम मात्र कोणत्याच ओळीत नसे. १९८७ च्या कायद्याने राज्याने त्यावर बंदी घातली, तरी तो व्यवहार संपला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा सरकारी दराने आणि निम्म्या चढ्या शुल्काने भरण्याची योजना घातली, म्हणजे एकाच बाकावरच्या एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च शेजारच्याने उचलायचा. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना मोडीत काढली आणि संस्थेला शुल्क ठरवण्याची व विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवण्याची मुभा दिली. नफेखोरीला मनाई कायम ठेवली. स्वस्त जागा गेल्या त्या इथेच. २००३ मध्ये शुल्क तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समित्या आल्या, २००५ च्या इनामदार निकालाने त्यांना मान्यता दिली आणि २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरण संस्थेचे लेखे तपासून प्रतिविद्यार्थी खर्च काढते व त्यावरून शुल्क मंजूर करते. या पद्धतीत खर्च वाढला की शुल्क वाढते आणि काटकसर करण्याचे कारण संस्थेला उरत नाही, हा तिचा मोठा दोष मला वाटतो.

२०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क शासन भरू लागले आहे. शुल्काचा आकडा मात्र पूर्वीच्याच पद्धतीने ठरतो.