मोटार अपघातातील जखमींची नुकसानभरपाई : अर्ज नेमका कुठे अडतो

दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे रस्त्यावर जखमी झालेल्या व्यक्तीला मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 166 अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे वाहनमालक, चालक व विमा कंपनी यांच्याविरुद्ध भरपाई मागता येते. अपघात जिथे घडला तिथेच दावा लावला पाहिजे असे नाही. जखमी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तेथील न्यायाधिकरणातही तो दाखल करता येतो. त्यामुळे सोलापूरजवळ अपघात झालेल्या नाशिकच्या माणसाने तारखांसाठी सोलापूरला खेपा घालण्याचे कारण नाही.

सर्वाधिक घोळ मुदतीचा होतो. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करावयाचा आहे. हे सहा महिने रुग्णालयातून घरी सोडल्यापासून किंवा पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केल्यापासून मोजले जात नाहीत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, परंतु त्या भरवशावर थांबू नये. तपास अधिकाऱ्याने 48 तासांत प्रथम अपघात अहवाल आणि 90 दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाला द्यावा, असा नियम आहे व तो अहवालच अर्ज मानण्याची तरतूदही आहे; तरीही तो खरोखर पोहोचला की नाही, याची चौकशी स्वतः करावी, कारण पोलीस ठाण्यातील दिरंगाईची झळ अखेर जखमीलाच बसते.

प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, विमा पॉलिसी व नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रती, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, ओळखपत्र आणि बँक पासबुक ही कागदपत्रे बहुधा मिळतात. घात होतो तो रुग्णालयाच्या पहिल्या केसपेपरमुळे. घाबरलेले नातेवाईक पोलिसांची भानगड नको म्हणून ‘गाडी घसरून पडला’ एवढेच सांगतात, डॉक्टर तसेच लिहून घेतात आणि पुढे विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत तोच कागद समोर धरतात. दाखल करतानाच ‘अमुक वाहनाने धडक दिली’ असे स्पष्ट सांगावे. चूक झालीच असेल तर केसपेपरवर खाडाखोड करून घेऊ नये. जखमी बोलू लागताच पोलिसांकडे वाहन क्रमांकासह त्याचा जबाब नोंदवावा.

दुसरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची. गवंडी, भाजीविक्रेती किंवा घरकामगार यांनी वेतनचिठ्ठी आणायची कुठून? ठेकेदाराचा दाखला चालतो, मात्र तो देणाऱ्याने न्यायाधिकरणासमोर साक्ष दिली तरच त्याला वजन येते. बाजार समितीच्या पावत्या आणि खात्यातील नियमित जमाही उपयोगी पडतात. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने, बहुधा किमान वेतन पाहून, उत्पन्न ठरवते.

अपंगत्वाच्या दाखल्यावरील टक्के म्हणजेच कमाईतील घट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. उजव्या हाताची पकड गेलेल्या गवंड्याचे संपूर्ण शरीराचे अपंगत्व कागदावर कमी दिसले, तरी त्याचा धंदा बुडालेला असू शकतो. म्हणून आपण नेमके कोणते काम करत होतो आणि त्यातले काय आता जमत नाही, हे अर्जात सविस्तर लिहावे, तसेच दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होईल हे पाहावे.

कलम 164 अन्वये चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. परंतु ती रक्कम स्वीकारल्यास कलम 166 चा दावा संपुष्टात येतो, हे सही करण्यापूर्वी कोणी सांगत नाही. लोकअदालतीतील तडजोडीविरुद्धही अपील नाही, तेव्हा पुढची शस्त्रक्रिया बाकी असताना घाई करू नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग व्यक्तींना तेथे विनामूल्य वकील मिळतो.

धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर उपविभाग किंवा तालुका पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. गंभीर दुखापतीसाठी 50 हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख रुपये, अशी ही रक्कम आहे. सोबत हमीपत्र जोडावे लागते, कारण पुढे वाहन सापडून न्यायाधिकरणाकडून भरपाई मिळाली, तर आधी घेतलेली रक्कम परत करावी लागते.