आयएसफेट : आयन ओळखणारा ट्रान्झिस्टर

आयएसफेट म्हणजे असा ट्रान्झिस्टर ज्याच्या गेटवरचा (करंट चालू-बंद करणाऱ्या टोकावरचा) धातू काढलेला असतो आणि त्या जागी थेट द्रव येऊन टेकतो. नेहमीच्या मॉसफेटमधे (चिप्समधला साधा ट्रान्झिस्टर) गेटला व्होल्टेज दिलं की खालून करंट वाहतो, इथे द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप) बदलला की ऑक्साइडच्या (गेटखालचा विद्युतरोधक थर) पृष्ठभागावरचा चार्ज बदलतो आणि ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू होतो ते व्होल्टेजच सरकतं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे इथले पीट बर्गवेल्ड यांनी १९७० मधे हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा डोक्यात मज्जासंस्थेतली मोजमापं होती, कॅन्सरसाठी डीएनए वाचणं नव्हतं, जे आज याच ट्रान्झिस्टरने करतात. सुरुवातीला सिलिकॉन ऑक्साइडच वापरायचे पण ते पीएचला नीट दाद देत नाही, टँटलम ऑक्साइड त्या मानाने खूपच चांगलं निघालं.

या सगळ्यात ६० मिलिव्होल्ट हा आकडा समजून घेण्यासारखा आहे. २५ अंश सेल्सियसला पीएच १ ने बदलला तर जास्तीत जास्त ५९ मिलिव्होल्टचा फरक मिळतो, आणि दुसरीकडे कुठल्याही साध्या ट्रान्झिस्टरचा करंट दहापट करायला रूम टेंपरेचरला गेटवर किमान साधारण ६० मिलिव्होल्ट लागतातच. हा योगायोग नाही. दोन्हीकडे उष्णतेमुळे कणांची ऊर्जा कशी वाटली जाते त्याचाच एक नियम आहे, बोल्ट्झमनचा, फक्त एकीकडे आयन आहेत आणि एकीकडे इलेक्ट्रॉन. चिप्सचं व्होल्टेज एका मर्यादेखाली का जात नाही आणि वीज का खातच राहते त्याचं मूळ इथे आहे, म्हणून तर टनेल ट्रान्झिस्टर आले (इलेक्ट्रॉन अडथळ्यावरून उडी न मारता आरपार जातो), आणि २००८ मधे सलाहुद्दीन आणि दत्ता या संशोधकांनी निगेटिव्ह कपॅसिटन्सची (गेटवरचं व्होल्टेज आतल्या आत वाढवून घेण्याची) कल्पना मांडली ती पण हाच ६० चा आकडा खाली आणायला.

पण आयएसफेटसाठी हीच मर्यादा कामाची ठरते. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू न करता थ्रेशोल्डच्या (चालू होण्याच्या व्होल्टेजच्या) खाली ठेवला तर करंट अगदी नॅनोअँपिअरच्या घरात राहतो, आणि पीएच १ ने बदलला म्हणजे हायड्रोजन आयन दहापट झाले की आदर्श स्थितीत करंटही जवळजवळ दहापट बदलतो. कमी वीज आणि सोपं गणित दोन्ही एकदम मिळतं! लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधे क्रिस टुमाझू यांच्या ग्रुपने या बाजूने बरंच काम केलं.

डीएनएशी संबंध असा की पॉलिमरेझ हे डीएनएची प्रत बनवणारं एन्झाइम साखळीत एक अक्षर (ए, सी, जी किंवा टी) जोडतं तेव्हा एक हायड्रोजन आयन सुटतो. मग चिपवरच्या लाखो खळग्यांत डीएनएचे तुकडे ठेवायचे, चार अक्षरं एकामागून एक सोडायची आणि कुठल्या अक्षराला कुठला खळगा आम्लधर्मी झाला ते खालच्या ट्रान्झिस्टरला विचारायचं, रंगद्रव्य नको, लेझर नको, कॅमेरा नको. जोनाथन रॉथबर्ग यांच्या आयन टॉरंट कंपनीने २०१० मधे असं मशीन आणलं आणि २०११ च्या नेचरमधल्या पेपरमधे चक्क गॉर्डन मूर यांचा जीनोम वाचून दाखवला, चिपवरचे ट्रान्झिस्टर वाढत जाणार हे सांगणारे तेच मूर.

कॅन्सरमधे एवढं बारीक वाचायचं कशाला, तर बीआरएएफ जीन बघा. त्यात १७९९ व्या जागी टी च्या ऐवजी ए आला की प्रोटीनमधलं ६०० वं अमिनो आम्ल व्हॅलिनचं ग्लुटामिक आम्ल होतं आणि पेशीला 'वाढ' म्हणणारं बटण चालूच राहतं. मेलानोमाच्या (त्वचेचा एक कॅन्सर) साधारण निम्म्या पेशंटमधे बीआरएएफमधे बिघाड सापडतो आणि त्यात हा सगळ्यात जास्त. त्यावरचं व्हेम्युराफेनिब अमेरिकेत २०११ ला मंजूर झालं, पण बीआरएएफ धडधाकट असलेल्या पेशींत हे औषध वाढीचा तोच मार्ग उलट जोरात चालवू शकतं, म्हणजे एक अक्षर चुकीचं वाचलं तर पेशंटचं नुकसानच. २०१७ मधे आयन टॉरंटच्या तंत्रावरची फुप्फुसाच्या कॅन्सरची जीन-टेस्ट अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि टेस्टना मंजुरी देणारी संस्था) मान्य केली, औषध निवडायला.

अडचणी आहेतच. एकच अक्षर सात-आठ वेळा लागोपाठ आलं की सगळे आयन एकदम सुटतात आणि सात होते की आठ ते नीट कळत नाही, शिवाय सिग्नल वेळेबरोबर हळूहळू सरकत जातो, ऑक्साइडमधे अडकलेला चार्ज आणि तापमान पण त्रास देतात.

प्रोटीन थेट पकडायचं तर आणखीच अवघड, कारण रक्तातल्या क्षारांमुळे चार्जचा प्रभाव १ नॅनोमीटरच्या आतच झाकला जातो आणि ते प्रोटीन पकडणारी अँटिबॉडीच साधारण १० नॅनोमीटर लांब, मग तिच्या टोकाला काय चिकटलं ते ट्रान्झिस्टरला दिसणार कसं. २००५ मधे हार्वर्डच्या चार्ल्स लीबर यांच्या ग्रुपने सिलिकॉनच्या नॅनोवायरवर पीएसए हे प्रोस्टेट कॅन्सरचं मार्कर सीरममधून (रक्तातला द्रव भाग) पकडून दाखवलं, पण त्यासाठी सीरममधले क्षार आधी काढावे लागले. प्रोटॉन (म्हणजेच हायड्रोजन आयन) मोजण्याचा रस्ता म्हणूनच जास्त चालला, तिथे आयन पृष्ठभागापाशीच येऊन बसतो.